बाईची उंची

खुब्याचं हाड मोडलेल्या बाईला घेऊन आम्ही चंद्रपूरच्या दवाखान्यात पोचलो, तेव्हा नर्सने मला विचारलं, "आई आहे का तुमची?" बाई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. दीड वर्षाचं अंतर आमच्यात. त्या प्रश्नाने मला आधी बरंच वाटलं, हे कशाला लपवू? पासष्टीतही मी ताठ चालते, साखर नाही, बीपी नाही, आणि त्याचा मला चांगलाच माज होता.

बाईला दोन्ही आहेत. त्यात आता अंगणात नुसता पाय घसरला तर हाड मोडलं. मी आजवर फोनवरून तिला उपदेश करत आले होते: भात कमी खा, चहात साखर घालू नकोस, सकाळी फिरायला जात जा. जन्मभर शेतात राबलेल्या बाईला मी फिरायला जा म्हणत होते! उंटावरून शेळ्या हाकायची माझी सवय जुनीच. ती दरवेळी "हो वं माय" म्हणायची आणि तिला जमेल तसं करायची.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरने मला बाजूला बोलावलं. हाड फार ठिसूळ आहे, बसवलं तरी पुन्हा चालतील की नाही सांगता येत नाही, असं तो म्हणाला. मी लगेच तक्रार केली, "खाण्यापिण्याचं ऐकतच नाही हो ती कोणाचं."

"आत्ताच्या खाण्याचं एवढं नाही, मॅडम. हाडं भरतात ती वाढीच्या वयात. तेव्हा पोटाला कमी पडलं तर म्हातारपणी ते असं बाहेर येतं. अशांना साखरही लवकर गाठू शकते. लहानपणी काय खायच्या या?"

उत्तर मला माहीत होतं. तरी मी "साधंच, खेड्यातलं" असं काहीतरी पुटपुटले.

वडशाजवळच्या आमच्या गावात आम्ही दोघी पातळ पेजेवर वाढलो. भाताची रोवणी, म्हणजे लावणी, सुरू व्हायची, नेमकी तेव्हा घरातली कोठी रिकामी असायची. बाई बारीक आणि बुटकी राहिली, पण त्यात काही खोट आहे असं कोणाच्या मनातही आलं नाही. बुटक्या पोरीला रोवणीत फार वाकावं लागत नाही, तिची कंबर दुखत नाही, असं आमच्याकडे पक्कं मानायचे. आई शेजारणींना कौतुकाने सांगायची, "माही मोठी जन्मालेच आली रोवणीचा हात घेऊन." पोर खुंटली होती, आणि आम्ही तिला गुणाची ठरवून मोकळे झालो.

मामा सिंदेवाहीला नोकरीला होता. एका पावसाळ्यात, ऐन रोवणीत, तो थोरलीला शिकायला न्यायला आला. आई म्हणाली, "मोठीले नको नेऊ भाऊ, रोवणी कोण करन? लहानी चिखलात उतरली का रडतेच. तिले ने." मी रडकी होते म्हणून माझं नशीब उघडलं. बाईने कधी तक्रार केली नाही, म्हणून ती राहिली.

मामीकडे म्हैस होती. दोन वेळा दूध, घट्ट वरण, अधूनमधून अंडं. मी अशी फोफावले की एका दिवाळीला घरी आले तेव्हा बाई उंचीने माझ्या कानापर्यंतच येत होती. लोकांकडे मोठीचे कपडे धाकटीला येतात. आमच्याकडे मला आखूड झालेले फ्रॉक बाईला जायचे. ते देताना मला ऐट वाटायची. ती ते हौसेने घालून गावभर दाखवायची. हे आठवलं की आज मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

ऑपरेशन झालं. काही दिवसांनी वॉकर देऊन तिला उभं केलं. तिने जेमतेम दोन पावलं टाकली आणि घामाघूम होऊन खाटेवर बसली. घरात आधाराने चालतील, डॉक्टर म्हणाला, शेताचं मात्र विसरा. तो गेल्यावर मला राहवेना.

"बाई, मामाकडं तुनंच जायले पाहिजे होतं," मी म्हणाले. "मी तुही जागा घेतली. त्याचंच हे सारं भोगून राह्यली तू." आणि मी चक्क रडायला लागले, पुन्हा एकदा.

बाई माझ्याकडे बघतच राहिली. "काऊन रडतं वं? उलटं मलेच वाईट वाटे. तू गेली अन् तुह्या वाटचा भात माय मले वाढे. जेवताना मनात ये, आपण लहानीचं खाऊन राह्यलो, अन् ते तिकडं परक्या घरी उपाशी त नसन?"

म्हणजे माझा गुन्हा ती स्वतःच्या नावावर घेऊन बसली होती. मामीच्या म्हशीचं मी तिला कधी बोललेच नव्हते.

"सांग ना वं," तिने माझा हात धरला. "भेटे ना तुले तिथी पोटभर?"

"भेटे, बाई."

"मंग चांगलं झालं," ती म्हणाली, आणि किती तरी वर्षांचं ओझं उतरल्यासारखी उशीला टेकली.