प्रभाआत्याची गढूळ गिटार

माझी प्रभाआत्या डहाणू रोडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची आणि सुटीच्या दिवशी ललित सावेंच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायची. सत्त्याऐंशी साली आमच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये यातलं दुसरं काम ऐकून पाहुणे चहाचा कप खाली ठेवायचे. माझे आजोबा अण्णा स्टेशनवर केबिनमन होते. ते एवढंच म्हणायचे, "वाजवते तर वाजवू दे की."

त्या पावसाळ्यात खाऱ्या हवेनं गिटारचा पिकअप बंद पडला. गिटारच्या तारांखाली चुंबक असतात, त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. तोच पिकअप, तारांचा कंप पकडून अ‍ॅम्प्लिफायरला देणारा. स्टेशनसमोर पंख्यांचं वाइंडिंग करणाऱ्या मुकेशभाईंनी तो नव्यानं भरून दिला. आत्याच म्हणाली होती, "मावेल तेवढी तार भरा, आवाज मोठा होईल."

मोठा झाला खरा. पण चिखले गावातल्या एका लग्नात सगळे सूर एकमेकांत कालवले गेले आणि ढोलकीखाली धून कुठे गेली कळलंच नाही.

"प्रभाताई, राग मानू नका," ललित म्हणाला, "गिटार घोंगडीत गुंडाळून वाजवल्यासारखी वाटतेय. रविवारी तलासरीच्या कार्यक्रमाला मी वापीचा गिटारवाला बोलावलाय."

"बोलवा. पण आधी मी वाजवणार. नाही जमलं तर त्याला चढवा."

घरी येऊन तिनं स्क्रू फिरवून पिकअप तारांपासून खाली घेतला. खर्जाची गुरगुर कमी झाली, पण वरचे सूर मुकेच राहिले. टोनचं बटण पूर्ण उघडलं, तरी तेच. मग तिच्या लक्षात आलं: वेढे वाढवले की जोर वाढतो, पण वरच्या सुरांचा जलद कंप त्या गुंडाळीतच अडकतो. चूक आपल्याच हौसेची होती. गिटार घेऊन ती पुन्हा मुकेशभाईंच्या दुकानात गेली.

"तार काढली तर आवाज घटेल, बेन," मुकेशभाई म्हणाले.

"घटू दे. तो अ‍ॅम्प्लिफायरवर वाढवता येतो. गेलेली धार वाढवता येत नाही."

मग दुकानातच बैठक जमली. मुकेशभाई थोडी तार उलगडायचे, टोक कथलाचा डाख देऊन जोडायचे, आत्या छेडून बघायची. "अजून." पुन्हा उलगडायची. एकदा जास्तच निघाली आणि आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा किरटा झाला. थोडी परत भरली. आणि अचानक सूर मोकळे झाले. दुरुस्तीला पंखा घेऊन आलेलं गिऱ्हाईक पंखा विसरून उभं राहिलं.

रविवारी दुपारी तलासरीच्या मैदानात आत्यानं सुरुवात केली. एकेक सूर सुटा, लख्ख. ढोलकी होती, ऑर्गन होता, तरी गिटार शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होती. ललितनं स्वतःचा ऑर्गन थांबवला आणि तिला हातानं खूण केली: एकट्याच वाजवा. तिनं वाजवलं. मैदान "वन्स मोर"नं दणाणलं. अण्णा खुर्चीवर उभे राहून टाळ्या वाजवत होते.

वापीचा गिटारवाला मंचाजवळ आला. "ताई, पिकअप फॉरेनचा काय?"

"मुकेशभाईंचा," आत्या म्हणाली आणि गर्दीतून त्यांना वर ओढून घेतलं.

नव्वदच्या दशकात उंबरगावपासून पालघरपर्यंतचे गिटारवाले मुकेशभाईंकडे यायचे, आणि आवाज पारखायला मुकेशभाई आत्यालाच बोलवायचे. ललितच्या पोस्टरवर मात्र तलासरीनंतर पुढच्याच महिन्यापासून पहिलं नाव होतं: प्रभा चुरी, गिटार.