काडीने मोजलेला टायर

हंबीरराव घाटग्यांनी अंगठ्याचं नख टायरमध्ये रोवलं, डोळे मिटले आणि मान हलवली.

"मऊ."

अलमेलूने तो टायर बाजूला ठेवला आणि दुसरा पुढे केला. पुन्हा नख. पुन्हा डोळे बंद.

"हाही मऊ."

मद्रासशेजारी आवडी स्टेशनाजवळच्या त्या टायरच्या दुकानात राघोत्तम उलट्या डब्यावर बसून हे पाहत होता. टायरमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. सोलापूरला मराठी घेऊन तो बी.ए. झाला होता आणि संरक्षण खात्याच्या कचेरीत कारकून म्हणून मद्रासला येऊन पडला होता. दीड वर्षापासून हंबीररावांच्या मागच्या खोलीत राहत होता. एवढंच त्याला कळलं, की नख रोवताना या माणसाच्या चेहऱ्यावर जे येतं ते आपण फक्त नाडी बघणाऱ्या वैद्याच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.

सव्वीस वर्षं हंबीररावांनी टँकच्या कारखान्यात रबर तपासलं होतं. चाकांवरचं रबर, पट्ट्यांवरचं रबर. हातात खिशातल्या घड्याळाएवढं यंत्र असे. रबराला टेकवलं की काटा त्याचा कडकपणा दाखवी. पुढे पुढे यंत्राच्या आधी अंगठाच आकडा सांगू लागला. कडक ते पास, मऊ ते नापास. सत्त्याऐंशीच्या जूनअखेर ते निवृत्त झाले. यंत्र कारखान्यात राहिलं. अंगठा घरी आला.

"सार," अलमेलू तमिळमध्ये म्हणाली, "हा कोपऱ्यातला सगळ्यात कडक आहे. पण घेऊ नका. ओल्या रस्त्यावर धरणार नाही."

ती पस्तिशीची होती. नवरा वारल्यापासून दुकान तीच चालवत होती. तळहात कायम काळे, कपाळावर मोठं कुंकू. आवडीत काही लोक त्याबद्दल बोलत. ती ऐकून सोडून देई.

"अम्मा, तू किती वर्षं रबर विकतेस?"

"सात."

"मी सव्वीस वर्षं नापास केलंय. दोन्ही चाकांना हाच लाव."

हट्टामागे कारण होतं, आणि ते हंबीररावांच्या देवघरात पितळी तांब्यात होतं. पिवळ्या फडक्यात बांधलेली नाणी. एकेक नाणं, एकेक गाठ. तंजावरकडच्या या मराठी घराची कुळदेवी तुळजापूरची. घरात कुणी आजारी पडलं, कुणाचं मूल अडलं, की हळदीत भिजवलेल्या फडक्यात नाणं बांधायचं आणि म्हणायचं, आई, तुझ्या पायाशी येऊन सोडू. नाणी बांधली गेली. माणसं बरी झाली. जायचं मात्र राहिलं. पणजोबांचं राहिलं, आजोबांचं राहिलं. पुढल्या वर्षी, पुढल्या वर्षी, असं करत तांब्या गळ्यापर्यंत भरला होता.

सगळ्यात वरची गाठ हंबीररावांच्या बायकोची, सरोजामामींची होती. लेक विद्युलता पोटात असताना मामी मरणाच्या दारात जाऊन आल्या. त्याच वर्षी हंबीररावांनी बुलेट घेतली होती. मामींनी गाठ बांधताना शब्द वापरले होते, "ह्यांच्या गाडीवर, ह्यांच्या पाठीमागं बसून येईन." आता विद्युलतेलाही मूल झालं होतं. गाडी तीच होती.

"मामा, रेल्वेने जा ना," राघोत्तम एकदा म्हणाला होता. "सोलापूरपर्यंत थेट गाडी आहे. तिथून तुळजापूर एका तासावर."

हंबीरराव हसले होते. "तम्बी, देवीस काय बोलिलों ते देवीनं ऐकिलं ना? मग रेल्वे कशी चालेल?"

त्यांचं मराठी असंच होतं. जुन्या बखरीत शोभेल असं, आणि चाल तमिळ. पहिल्या महिन्यात राघोत्तमला हसू येई. आता येत नव्हतं.

म्हणजे जाऊन येऊन अठराशे किलोमीटर. कडप्पा, कर्नूल, रायचूर, गुलबर्गा. तापलेलं डांबर, मग खडी, मग काळी माती. मागे बायको आणि सामान. अशा वाटेला पुरेल आणि पेन्शनीत बसेल असा टायर हवा होता. जुन्यावर नवं रबर चढवलेला रिट्रेड स्वस्त, पण उन्हात सोलला गेला तर? मद्रासच्या बर्मा बझारात परदेशी टायर मिळे, पण त्याची किंमत ऐकूनच हंबीररावांनी दुकानदाराला नमस्कार केला. राहिला देशी टायर. कडक म्हणजे टिकाऊ, हे त्यांना शिकवायची गरज नव्हती.

आठ दिवसांनी संध्याकाळी पाऊस आला.

राघोत्तम कचेरीतून सायकलवर येत होता. रेल्वे फाटक नुकतंच उघडलं होतं. पलीकडून बुलेट येताना त्याने पाहिली. हंबीरराव ताठ, मागे मामी, मांडीवर नारळांची पिशवी. वेग माणूस चालतो तेवढाच. पुढचं चाक ओल्या रुळावर चढलं आणि बर्फावर ठेवल्यासारखं सरकलं. गाडी सावकाश, जवळजवळ मर्यादेने, आडवी झाली. नारळ रुळांमधून गडगडत गेले.

हंबीरराव उठले. त्यांना काही झालं नव्हतं. मामी बसूनच होत्या, उजवं मनगट डाव्या हातात धरून.

"मामी!" राघोत्तमने सायकल टाकली.

"नारळ गोळा कर, तम्बी," मामी म्हणाल्या. "रेल येईल."

त्या उठल्या. चपला हातात घेतल्या आणि पावसातून चालत घरी गेल्या. मागे वळून पाहिलं नाही.

मनगटाचं हाड चिरलं होतं. प्लास्टर घालून आल्यावर त्या रात्री जेवताना मामी डाव्या हाताने सांबार-भात कालवत म्हणाल्या, "मी रेलनं जाईन. गाठ मी बांधली, मीच सोडीन. आई समजून घेईल."

"आई घेईल," हंबीरराव म्हणाले. "मी कसा घेऊं?"

"तुम्ही नका घेऊं. मी त्या गाडीवर बसणार नाही. पोदुम."

पुरे, असा त्या तमिळ शब्दाचा अर्थ. या घरात तो शब्द निघाला की पुढे कुणी बोलत नसे.

राघोत्तमला वाटलं, संपलं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, बायकोचा मोडलेला हात, चार पिढ्यांचा आळस. यात हरणंच शहाणपणाचं होतं.

सकाळी सहाला हंबीररावांनी त्याचं दार वाजवलं. "चल. अलमेलूकडं."

दुकान अजून उघडायचं होतं. ते पायरीवर बसून राहिले. अलमेलू आली, कुलूप काढलं, आणि काही विचारलं नाही. आवडीत बातमी पावसाच्या आधी पोचते.

"अम्मा," हंबीरराव उभे राहिले. "चूक माझी. चाळीस टनांचा टँक रस्त्याला आपल्या वजनानंच दाबून धरतो. त्याला मऊपणा काय करायचा? मी मोटारसायकलीला टँक समजलों."

राघोत्तम बघत राहिला. सव्वीस वर्षांची विद्या या माणसाने दुकानाच्या पायरीवर एका वाक्यात उतरवून ठेवली होती.

अलमेलूने दोन टायर काढले. "पुढचा मऊ घ्या. हा, लांब सरळ खाचांचा. पुढचं चाक वाट धरतं. मागचा जरा कडक, खोल ठोकळ्यांचा. वजन त्याच्यावर, झीज त्याचीच. दोन्ही मऊ घेतलेत तर परत येताना गुलबर्ग्यातच बसाल. दोन्ही कडक घेतलेत तर…" ती थांबली.

"बोल."

"तर काय होतं ते तुम्ही पाहिलंय, सार."

"पाहिलं."

"आणि नवा टायर गुळगुळीत असतो. पहिले दोनशे किलोमीटर नव्या सुनेसारखं वागवा. घाई नको, जोरात ब्रेक नको. मागे माणूस बसलं की मागच्यात हवा जास्त. आणि हवा गार टायरमध्ये मोजायची, तापलेल्यात नाही."

जुनी कडक जोडी तिने बदल्यात घेतली. शहाळी विकणाऱ्या एका हातगाडीला ती जोडी बसली. त्या गाडीवर मेली तरी झिजणार नाही, असं अलमेलू म्हणाली.

पण हंबीरराव कुणाचंही, अलमेलूचंसुद्धा, नुसतं बोलणं पास करणारे नव्हते. टायर बसवले आणि तपासणी सुरू झाली.

रोज पहाटे तिरुवळ्ळूरपर्यंत जाऊन यायचं. रविवारी तिरुत्तणी. मागच्या सीटवर मामींऐवजी राघोत्तम आणि त्याच्या मांडीवर तांदळाची अर्धी गोणी.

"मामा, गोणी कशाला?"

"तू सरोजापेक्षां वजनानं कमी आहेस. खाणावळीतलं जेवून माणूस होतो काय?"

परुत्तिपट्टूच्या तळ्याकाठी उताराचा रस्ता होता. तिथे राघोत्तमने बादलीने पाणी ओतायचं, हंबीररावांनी वरून येऊन खडूच्या रेघेवर ब्रेक दाबायचा. गाडी कुठे थांबली तिथे दुसरी रेघ. म्हशी धुणारे लोक हात थांबवून बघत.

"काय हो, पेन्शन मिळत नाही वाटतं?" एकाने ओरडून विचारलं.

"मिळतं!" हंबीरराव ओरडले. "म्हणून तर वेळ आहे!"

आणि दर शुक्रवारी काडी. काडेपेटीतली काडी मागच्या टायरच्या खाचेत उभी धरायची, खाच संपते तिथे नखाने खूण करायची आणि तिथेच मोडायची. तो तुकडा स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायचा. शेजारी पुढच्या शुक्रवारचा. खाच जितकी झिजेल तितका तुकडा आखूड होणार.

"इथंच कां ठेविता?" मामींनी पहिल्या शुक्रवारी विचारलं.

"इथं उजेड आहे."

मामी काड्यांना हात न लावता खिडकी पुसू लागल्या.

जुलै गेला. ऑगस्ट गेला. खिडकीत आठ काड्या झाल्या. राघोत्तम त्यांच्याकडे बघे आणि त्याला पहिली कोणती, आठवी कोणती, ते सांगता येत नसे. कचेरीतल्या मित्रांना त्याने हे सांगून पाहिलं. ते हसले. तोही हसला, पण मग त्याला एकट्यालाच ओशाळं वाटलं. त्याने कॉलेजात निष्ठेवर निबंध लिहिला होता. पंधरा पानं. त्यात काडी नव्हती.

मामींचं प्लास्टर निघालं. हंबीररावांनी विषय काढला नाही. रेल्वेचं वेळापत्रक त्यांनी स्वतःच आणून मामींच्या पानदानाशेजारी ठेवलं होतं. ते तिथेच होतं.

नववा शुक्रवार. राघोत्तम अंगणात दात घासत होता. हंबीरराव काडेपेटी शोधत होते. चुलीजवळ नव्हती, देवघरात नव्हती. ते बाहेर आले आणि थबकले.

मामी बुलेटच्या मागच्या चाकापाशी उकिडव्या बसल्या होत्या. दुखऱ्या हातात काडी. त्यांनी ती खाचेत घातली, नखाने खूण केली, मोडली. मग आत जाऊन पहिल्या दिवसाची काडी आणली आणि दोन्ही तुकडे तळहातावर शेजारी धरले. दूरचं दिसतं, जवळचं दिसत नाही, म्हणून हात लांब करून पाहिले.

"काडीच्या गुलाएवढीही झीज नाही," त्या म्हणाल्या.

"तीन हजार किलोमीटरांत," हंबीरराव हळूच म्हणाले.

"तो मागचा. आम्हांस पाडिलं पुढच्यानं."

"होय."

"मग पुढच्याचं मी बघेन. पाऊस येऊं दे."

पाऊस मंगळवारी आला. संध्याकाळी पाचला मामींनी पदर खोचला, मागच्या सीटवर बसल्या आणि उजवा हात नवऱ्याच्या खांद्यावर ठेवला. राघोत्तम सायकलवर मागे गेला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

फाटक उघडं होतं. रूळ चकचकत होते. हंबीररावांचे खांदे वर आलेले त्याला मागून दिसले. मामींनी त्या खांद्यावर दोनदा थोपटलं, बैलाला थोपटावं तसं.

पुढचं चाक रुळावर चढलं. उतरलं. दुसऱ्या रुळावर चढलं. उतरलं. मग मागचं. पलीकडे जाऊन गाडी उभी राहिली.

"परत," मामी म्हणाल्या.

परत.

"आता मध्येंच ब्रेक धरा."

"अगो, लोक बघतात!"

"तेव्हांही बघत होते."

रुळांच्या अलीकडे, चिखलाच्या पाण्यात त्यांनी ब्रेक धरला. गाडी जागच्या जागी थांबली. तोवर फाटकवाला छत्री घेऊन बाहेर आला होता. काय चाललं आहे ते राघोत्तमने त्याला सांगायचा प्रयत्न केला. त्याचं तमिळ पुरलं नाही.

नवरात्राच्या चार दिवस आधी ते निघाले. पितळी तांब्या गोणपाटात गुंडाळून दोघांच्या मध्ये ठेवला होता. निघताना मामींनी राघोत्तमला विचारलं, "तू तिथला ना? आईस काय सांगूं?" सोलापूरचा असून तो एकदाच, शाळेच्या सहलीत, तुळजापूरला गेला होता. "माझाही नमस्कार सांगा," एवढंच तो म्हणाला.

तेराव्या दिवशी पाकीट आलं. आत कागद आणि काडीचा तुकडा. कागदावर मामींचं अक्षर, तमिळ लिपीत. मामी मराठी बोलत, पण लिहीत तमिळ अक्षरांत. राघोत्तमला ती लिपी येत नव्हती. तो पाकीट घेऊन अलमेलूच्या दुकानात गेला.

अलमेलूने पदराला हात पुसले आणि वाचायला लागली. शब्द तिला कळत नव्हते. ती अक्षरं लावत, अडखळत, सपाट आवाजात वाचत होती, आणि समोर उभा राहून तो ऐकत होता.

"तुळजापूर पावलों. गाठी सोडविल्या. माझी शेवटीं. गुलबर्ग्यापुढं मोठा पाऊस, चिखल. सरकलों नाही. रेलनं जाऊंया कां म्हणून हे विचारीत होते, मला चिडवायला. मी म्हटलं, पोदुम. गाडीवरच येतों. काडी अलमेलूस दे."

"पोदुम कळलं," अलमेलू म्हणाली. "बाकी काय आहे?"

"पोचले. काडी तुला," राघोत्तम म्हणाला. त्याने काडीचा तुकडा तिच्या काळ्या तळहातावर ठेवला.

तिने तो उजेडाला धरला, अंगठ्याच्या नखाशी लावून पाहिला, आणि गल्ल्यामागच्या देवीच्या तसबिरीच्या चौकटीत खोचून ठेवला.

"अजून पुष्कळ आहे," ती म्हणाली. "आरामात घरी येतील."