जुन्या गिऱ्हाइकाचा सत्कार

विजेवरची स्कूटर कोल्हापुरात नवीन होती तेव्हा लोक तिला खेळणं म्हणायचे आणि मी त्यांच्याशी भांडायचो. पतसंस्थेत माझ्या टेबलासमोर बसलेल्या माणसानं पेट्रोलच्या गाडीचं नाव काढायचा अवकाश, मी कर्जाची फाईल बाजूला सारून त्याला बॅटरी समजावून द्यायला लागायचो. कंपनीची पहिली गाडी मी घेतली. ती उत्तम चालत असताना दुसरी घेतली. त्या गाडीवाल्यांचा शहरात व्हॉट्सॲप ग्रुप निघाला, त्याचा मी ॲडमिन. कंपनीचे मेसेज यायचे त्यात आम्हाला ग्राहक म्हटलेलं नसायचं, परिवार म्हटलेलं असायचं. मला ते खरं वाटायचं. आज हे लिहिताना कान गरम होतात, पण वाटायचं.

आमच्याकडं वस्तू जाहिरात बघून घेत नाहीत, माणूस बघून घेतात. "तुम्ही घेतलीया न्हवं? मग आम्ही बी घेतो," एवढ्यावर काम होतं. दुकानदारालाही ते ठाऊक असतं, गिऱ्हाईक आत आलं की तो आधी विचारतो, कुणी पाठवलं? आमच्या कसबा बावड्यातली बरीच माणसं माझं नाव सांगत शाहूपुरीतल्या शोरूममध्ये गेली. मला त्यातलं एका पैचंही कमिशन नव्हतं. नुसता मान होता, आणि मानाची चटक पैशापेक्षा वाईट असते हे मला कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

शेवटी माझ्या शब्दावर माझी थोरली बहीणही गेली. आक्का कोडोलीला दिलेली. शेजारच्या गावात ती पोरींना शिवण शिकवते. पन्नाशी उलटली तरी तिला सायकलसुद्धा येत नव्हती. कुठं जायचं म्हटलं की दाजी कधी मोकळे होतात ते बघायचं, नाहीतर दिराला विचारायचं. दाजी माणूस वाईट नाहीत, पण कशालाही "आत्ताच कशाला?" हा त्यांचा पहिला शब्द. पिशवी हातात घेऊन कुणाची तरी वाट बघत उंबऱ्यात उभी राहिलेली आक्का मी लग्नापासून बघत आलोय. तिला गाडी घ्यायला लावली ती मीच. पैसे तिनं तिच्या शिवणाचे घातले, एका रुपयासाठीही कुणापुढं हात पसरला नाही.

शिकवली पण मीच. पहिल्या दिवशी ती थेट उसात घुसली आणि उसातूनच ओरडली, "काय झालं न्हाय, हसू नगंस!" आठवडाभरात ती रस्त्याला लागली. अडचण एकच होती. त्यांचं घर रस्त्याच्या खालच्या अंगाला. एक चिंचोळा उतार अंगणात येतो, त्याच्या एका बाजूला गोठा आणि दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी. गाडी आत येते, पण वळत नाही. चार्जिंगचा बोर्ड अंगणात, म्हणजे आत आणणं तर भागच. एवढी जड गाडी चढावर उलटी ढकलत न्यायची तर गडीमाणूस पाहिजे, आणि आक्काचा एक गुडघा दुखरा. पण गाडीला रिव्हर्स होता. बटण दाबलं की ती आपली आपण मागं सरकत वर चढायची. हे दाखवायला तिनं मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. गाडीवर ताठ बसून, मान मागं वळवून ती रस्त्यावर गेली आणि वरून म्हणाली, "आता मी कुनाला इचारत न्हाय. वाटलं की निघतो."

तिच्या त्या गाडीत मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे हे वाक्य.

मग एके दिवशी सकाळी तिचा फोन आला.

"आरं, गाडी मागं जाईना झाली."

"बटण नीट दाबलंस का?"

"बटण काय मी आज पैल्यांदा दाबतो व्हय?"

मी ॲप उघडून बघितलं. कंपनीचं नवीन अपडेट आलं होतं. रिव्हर्स, चढावर गाडी धरून ठेवायची सोय आणि असंच आणखी काहीबाही आता एका पॅकमध्ये गेलं होतं. वर्षाचे पैसे भरा, परत चालू होईल. मेसेजची सुरुवात होती, प्रिय परिवार. माझ्याही गाडीचा रिव्हर्स गेला होता, पण आमच्या इमारतीखाली ऐसपैस जागा, मी तो कधी वापरलाच नव्हता. मला पत्ताही लागला नव्हता.

आक्काला हे समजावून सांगितलं तशी ती म्हणाली, "मग मी गाडी इकत घेतली का भाड्यानं आणली?"

"सॉफ्टवेअर असतंय गं ते. कंपनीला बी खर्च असतोय की."

"घेताना सांगितलंतं?"

"अटीत असणार कुठंतरी."

"तू वाचलंतास?"

मी वाचलं नव्हतं. वाचतो म्हणालो आणि फोन ठेवला. गंमत बघा, बहीण अडलेली आणि मी कंपनीचा खर्च सांगत होतो.

ग्रुपवरही आग पेटली होती. सगळ्यांनी मिळून कंपनीला पत्र लिहायचं ठरलं आणि ते मीच लिहायचं होतं. पत्राला हात घालणार तेवढ्यात शोरूममधून फोन. नवीन मॉडेल येतंय, मोठा कार्यक्रम आहे, पुण्याहून कंपनीचे साहेब येणार आहेत, आणि आपल्या परिवारातले सगळ्यात जुने म्हणून तुमचा सत्कार करायचा आहे. दोन शब्द बोलायचेही आहेत. मी पत्र लिहिलं नाही. उलट ग्रुपवर टाकलं की कृपया नकारात्मक पोस्ट नकोत, आपण वरच्या पातळीवर बोलत आहोत. कसली वरची पातळी! एकानं तरीही कंपनीला चार शिव्या हासडल्या, त्याचा मेसेज मी काढून टाकला. आक्काला म्हणालो, साहेबांशी समोरासमोर बोलतो, तूही ये, माझा सत्कार आहे. तिनं लगेच विचारलं, "फेटा बांधणार का रं?"

फेटा बांधला. शोरूमसमोर मांडव होता, हलगी वाजत होती, रस्त्यावरून जाणारे थांबून बघत होते. बांधणाऱ्यानं शेवटची कळी खोचली आणि मी शोरूमच्या काचेत स्वतःला बघितलं. लग्नातसुद्धा मी इतका बरा दिसलो नव्हतो. आक्का दुसऱ्या रांगेत बसली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. एसटीनं आली होती. दाजींनी गाडी वर काढून दिली नव्हती म्हणून का, हे मी विचारलं नाही.

साहेबांनी कापड ओढलं. नवी गाडी दिसायला देखणीच होती. मग मागच्या पडद्यावर किंमत आली. आक्काच्या गाडीपेक्षा कमी. आणि खाली एकेक सोय उजळत गेली, त्यात रिव्हर्सही होता, त्याच्यासमोर लिहिलेलं, आयुष्यभर मोफत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. वाचलं नव्हतं, कळलं नव्हतं, असलं काही मला म्हणता येणार नाही. वाचलं, कळलं आणि टाळ्या वाजवल्या.

मग शाल, श्रीफळ, आणि माझ्या हातात माईक. मी बोलायला लागलो. पहिली गाडी कशी घेतली, लोक कसे हसले. माणसं हसत होती, माझा आवाज मलाच आवडायला लागला होता. मी म्हणालो, "या कंपनीनं जुन्या माणसाला कधी अंतर दिलं नाही."

त्यावर आक्का उठून उभी राहिली.

"मग आमच्या गाडीचं मागं जायचं बंद केलंसा त्याचं काय?" तिला माईक लागत नाही, शेतातून हाका मारून तयार झालेला गळा आहे. "नव्याला फुकट आन जुन्याला पैशे, ही कुटली रीत ओ सायेब?"

मांडव हसला. मागून कुणीतरी शिट्टी घातली. आक्का मात्र हसत नव्हती आणि रागावलेलीही नव्हती. ती माझ्याकडं बघून मान हलवत होती, आता तू बोल, म्हणून. मी तिचंच गाऱ्हाणं मांडायला तिथं उभा आहे असं ती धरून चालली होती. मी विसरलो असेन म्हणून ती मला आठवण करून देत होती.

साहेब माझ्याजवळ सरकले. हसरा चेहरा तसाच ठेवून हळूच म्हणाले, "कोण आहेत या? तुमच्या ओळखीच्या?"

"कस्टमर आहेत," मी म्हणालो.

माईक माझ्याच हातात होता. तोंडापासून लांब धरला होता, पण दुसऱ्या रांगेपर्यंत जायला तेवढं पुरलं. मग मी तो तोंडाशी आणला आणि म्हणालो, "मॅडम, बसून घ्या. कार्यक्रम झाल्यावर बोलू आपण."

आम्हा दोघांचं नाक वडिलांचं आहे. आम्हाला शेजारी उभं केलं तर शेंबडं पोरगंही भाऊबहीण म्हणून सांगेल. आक्कानं माझ्याकडं एकदा बघितलं, पदर सारखा केला आणि ती बसली. मी पुढं काय बोललो ते मला आजही आठवत नाही. कार्यक्रम संपला, फोटो झाले, पेढ्याचा बॉक्स घेऊन मी खाली उतरलो तेव्हा तिची खुर्ची मोकळी होती. साहेबांशी रिव्हर्सबद्दल मी बोललोच नाही.

फोन केला तर म्हणाली, "एसटी चुकली असती म्हणून आलो निघून." आवाज नेहमीसारखा. मी माफी मागायला तोंड उघडलं आणि घरात सगळे बरे आहेत का, म्हणून विचारलं.

पुढं मी ग्रुपचा ॲडमिन राहिलो नाही. कंपनीला सविस्तर मेल लिहिला, त्याला उत्तर आलं की तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. असल्या शूरपणाला आता काय अर्थ होता? शेवटी एका रविवारी हिय्या करून मी कोडोलीला गेलो.

अंगणात गाडी होती, तिच्या पाय ठेवायच्या जागेत दुधाची किटली. दाजी नुकतेच डेअरीतून आले होते. "या या, सत्काराचं पावणं!" त्यांनी मला हाताला धरून सोप्यात बसवलं. "तुमच्या आक्कानं सांगितलं सगळं. लै झ्याक बोलला म्हनं, टाळ्यावर टाळ्या."

मी आक्काकडं बघितलं. ती मशीनवर होती, सुईत दोरा घालत होती. तिनं मान वर केली नाही.

"गाडी भारीच हाय हां," दाजी म्हणाले. "पर हिला न्हाय जमत. म्हनती, गुडघं धरतंय, भ्या वाटतंय. तुमी एवढं शिकवलंसा, पर वय झालं की आता. मग मीच फिरवतो. तिला बी सोडतो, सवड असली की."

सवड नसली की शिवणाचा वर्ग बुडत होता. आणि घरात तिनं सांगितलं होतं, गाडी चांगली हाय, मलाच जमत न्हाय. रिव्हर्सचं नाव तिनं काढलंच नव्हतं. काढलं असतं तर दाजी, दीर, सासरचा सगळा गोतावळा पहिल्यांदा हेच म्हणाला असता की तुझ्या भावानं गळ्यात मारली. मला कुणी नाव ठेवू नये म्हणून तिनं माझ्यावर येणारा दोष स्वतःच्या गुडघ्यावर घेतला होता.

ती चहा ठेवायला आत गेली तसा मी मागोमाग गेलो. म्हणालो, "तुझा मोबाईल दे. त्या पॅकचे पैसे मी आत्ता भरतो."

"नगं."

"दरवर्षी मी भरीन, आक्का."

"म्हंजे दरवर्षी तुझ्या तोंडाकडं बघायचं." तिनं आधण उतरवलं. "त्यापेक्षा ह्यांच्या बघतो. घरातलं तरी हाईत."

मांडवातल्या त्या 'कस्टमर' शब्दाचं तिनं नाव काढलं नाही. मी उभा राहून वाट बघत होतो. तिनं मला शिव्या द्याव्यात, लहानपणी द्यायची तशी एक थप्पड द्यावी, असं मला मनापासून वाटत होतं. ती साखर घालत राहिली. मला त्या चुलीपुढं उभं राहवेना.

मी बाहेर आलो आणि दाजींना म्हणालो, "दाजी, तिला गाडी येतीया. चांगली येतीया. चूक तिची न्हाय. कंपनीनं मागं जायचं बंद केलंय, त्येला पैशे मागत्यात. आन मला म्हाईत असून मी त्या दिवशी स्टेजवर..."

दाजी मोठ्यानं हसले. "बघा! बहिणीला जमत न्हाय म्हनलं की लगेच हिची बाजू घेऊन उठला!"

"तसं न्हाय दाजी, ऐका तरी..."

"आवो, कळतंय की आमाला." त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्यांचे डोळे खरोखरच कौतुकानं भरले होते. "भाऊ असावा तर असा. चारचौघांत बहिणीला खाली बघू देनार न्हाय."

आक्का चहा घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. एक कप तिनं दाजींना दिला, दुसरा माझ्यासमोर धरला आणि माझ्याकडं न बघता नवऱ्याला म्हणाली, "व्हय. भाऊच हाय माझा."

मी कप घेतला. तो हातात धरून बसलो.