सतरा ग्रॅम सोयाबीन

चन्नबसप्पानं बारा गावं विकली, अशी कुजबूज आमच्याकडं दोन वर्षं चालली होती. सोयाबीनच्या कापणीदिवशी विमा कंपनीच्या माणसानं त्याच्या हातात पाकीट ठेवलं म्हणे. कुणी सांगायचं पन्नास हजार, कुणी लाख. न्हाव्याच्या दुकानात तो आकडा अडीच लाखांवर गेला होता. तिथं नंबर लागेस्तोवर बसावं लागतं, त्यामुळं आकडाही बसल्या बसल्या फुगतो. पाकीट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस मात्र मला भेटला नाही. पाहिलेल्याला भेटलेले चारजण भेटले.

गावाचं नाव सांगत नाही. अणदूरपासून दोन कोसांवर आहे एवढं पुरे. ज्यांना कळायचं त्यांना कळेल आणि तेच माझ्याशी भांडायला येतील.

चन्नबसप्पा म्हणजे चार एकराचा धनी, बैलजोडी राखून असलेला, अंगानं काडी आणि आवाजानं नगारा. घरात तो आणि त्याची बायको भुवनेश्वरी. दोन्ही मुली सीमेपलीकडं कर्नाटकात, आळंदच्या बाजूला दिलेल्या. या माणसाला एकच व्यसन होतं, पाहुण्याचं. दारावरून जाणारा माणूस ओळखीचा असो नसो, त्याला हाक मारून बसवायचं, आणि "नको, नुसतं पाणी द्या" म्हणाला की चुलीवर हुग्गी चढवायची. गव्हाची ती खीर आणि वर तुपाची धार. आमच्या भागात पाहुण्याचा नकार कुणी खरा धरत नाही. नको म्हणणं त्याचं काम, वाढणं आपलं काम. चन्नबसप्पानं हे जरा जास्तच मनावर घेतलं होतं.

त्यात पाहुणा सरकारी असला की त्याला परीक्षेला बसल्यासारखं व्हायचं. पोलिओच्या बाया येणार म्हणून यानं भिंतीला चुना मारलेला. घरात लहान मूल नाही, तरीसुद्धा. हागणदारीमुक्तीची समिती येणार म्हटल्यावर यानं नवं संडास इतकं घासलं, की समिती येऊन जाईस्तोवर पंधरा दिवस घरातल्या कुणाला आत पाऊल टाकू दिलं नाही. नवरा-बायको दोघंही तांब्या घेऊन ओढ्याला. समितीनं प्रशस्तिपत्र दिलं. ते बसवण्णांच्या तसबिरीशेजारी काचेत आहे, आणि आम्ही त्यावरून त्याला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. सरकार बघायला आलं की चांगलं दाखवायचं. चांगलं दाखवलं की चांगलं होतं.

मग ते साल आलं. पेरण्या झाल्या, सोयाबीन गुडघ्याला लागलं, फुलं धरली आणि पावसानं पाठ फिरवली. एक आठवडा, दोन आठवडे, तीन. पानं दुपारी माना टाकायची ती संध्याकाळीही वर करेनात. शेंगा धरल्या, पण आत दाणा भरेना. गावात दर तिसऱ्या दिवशी टँकर. लोकांची सगळी भिस्त विम्यावर. त्या वर्षी विमा एका रुपयात निघायचा, त्यामुळं झाडून सगळ्यांनी काढलेला.

आता इथं नियम सांगावा लागतो. कंटाळू नका, सगळं मरण त्यातच आहे. आमच्या महसूल मंडळात बारा गावं. दर गावात चिठ्ठी काढल्यासारखं एक शेत निघतं. त्या शेतात दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद असा तुकडा आखायचा, त्यातलं पीक कापायचं, मळायचं, तोलायचं, फोटो काढून वर पाठवायचा. बारा तुकड्यांची सरासरी काढायची. सरकारनं मागल्या सालांवरून एक आकडा ठरवलेला असतो, त्याला उंबरठा म्हणतात. त्या साली तो एका तुकड्याला चार किलो सातशे ग्रॅम पडत होता. सरासरी त्याच्याखाली आली तर बाराही गावांतल्या सगळ्या घरांना भरपाई. वर गेली तर कुणालाच नाही. अडीच हजार घरं आणि बारा तुकडे.

म्हणजे यंदा ज्याचं शेत निघेल त्यानं काहीही न करता गप बसायचं होतं. जगात याहून सोपं काम नाही. आणि आमच्या गावातून शेत निघालं चन्नबसप्पाचं.

कृषी सहायक होता स्वानंद म्हणून, तुळजापूरचा, नुकताच नोकरीला लागलेला, गोरा आणि घाबरट. त्याच्याकडं सात गावं. तुकडा खरं तर कापणीच्याच दिवशी आखायचा असतो. पण धावपळ वाचावी म्हणून यानं तीन आठवडे आधीच येऊन चार खुंट्या ठोकल्या आणि सुतळी बांधली.

"मामा, सुतळीच्या आतलं आम्ही येईपर्यंत कापू नका," तो म्हणाला. "बाकी काही करायचं नाही. जसं आहे तसं राहू द्या."

काही करायचं नाही! हे चन्नबसप्पाला सांगायचं! त्यानं ते ऐकलं आणि मान डोलावली, पाहुण्याच्या प्रत्येक 'नको'ला डोलवायचा तशीच. मग त्या पोराला घरी नेऊन हुग्गी खायला घातली.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात आला तेव्हा कॉलर ताठ.

"काय चन्नबसप्पा," मी म्हटलं, "तुझ्या रानाचा फोटो निघणार म्हणं."

"व्हय तात्या. पार मुंबैपातुर जातो म्हनं."

"मग गावाचं नाक राख बाबा. न्हायतर तितं बसून म्हनतील, ह्या गावात सोयाबीन पेरतेत का कुसळं?"

सगळे हसले. हरिबा म्हणून त्याचा शेजारी आहे, बांधाला बांध लागलेला. तो तेवढा म्हणाला, "तात्या, कशाला डिवचता त्येला? आता ह्येला घास गोड लागायचा न्हाय."

चन्नबसप्पा हसला नाही. चहा अर्धा ठेवून उठला.

त्यानंतर तिसऱ्या का चौथ्या दिवशी सकाळी त्याची बैलगाडी मला शिवारच्या वाटेवर भेटली. गाडीत पाण्याचं टिपाड, वर गोणपाट टाकलेलं, आणि पाणी हिंदकळून धुळीत सांडत होतं. टँकर आदल्या दिवशी येऊन गेला होता.

"कुनीकडं रं?"

"बैलांस्नी पाजाय."

"आरं, बैल तर गाडीला हाईत की!"

तो चाकाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "तात्या, बोलू नगा कुनाला." मी हसून वाट सोडली. नियम तेव्हा मलाही ठाऊक नव्हता. मला वाटलं, फोटोसाठी मुंडावळ्या बांधतोय, बांधू दे.

भुवनेश्वरीला मात्र काहीतरी खटकत होतं. तिनं पुढं कधीतरी माझ्या बायकोला सांगितलं. घरात प्यायला दोन घागरी उरायच्या आणि हा टिपाड भरून निघायचा. ती म्हणाली, "अवो, साहेब बोलले न्हवं, कायबी करू नका म्हनून?" तर हा म्हणाला, "पाव्हना कवा म्हनतो का, मला हुग्गी करा म्हनून? आपनच समजायचं आस्तं."

पंधरवड्यानं मी मुद्दाम बघायला गेलो. हरिबाचं रान तांबडं पडलेलं, चन्नबसप्पाचंही तसंच. पाचोळा वाजत होता. आणि मधोमध सुतळीच्या आत तेवढाच हिरवागार चौकोन. कडा अशा की विळ्यानं कापल्यागत. एक गवताची काडी नाही, एक अळी नाही, त्यानं हातानं वेचलेल्या. चहूकडं मेलेल्या रानात ते एवढंच जिवंत होतं. चांगलं पीक बघून माणसाला बरं वाटावं. मला बांधावरून खाली उतरावंसं वाटेना. मी तसाच माघारी फिरलो आणि त्या दिवशी हॉटेलात त्याची चेष्टा केली नाही.

कापणीला स्वानंद आला, कंपनीचा माणूस आला, आमचे पोलीस पाटील सिद्धलिंग आले, आणि आम्ही पाच-पन्नास रिकामटेकडे. कंपनीचा माणूस अकरा गावं हिंडून आलेला. तोंड सुकलेलं, कुणाशी बोलेना. चौकोन दिसला तसा तो थांबला. गॉगल काढला. मग चन्नबसप्पाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "वा, काका. ह्याला म्हणतात शेती."

स्वानंदचा चेहरा पांढरा पडला होता. तो सुतळीच्या आत बसला, बाहेर बसला, परत आत बसला. हळूच म्हणाला, "मामा, काही केलंत का इथं?"

"म्या काय करनार साहेब? रानच गुनाचं हाय."

त्या पोराला तिथंच थांबवता आलं असतं. पण थांबवायचं तर खुंट्या कधी ठोकल्या ते सांगावं लागणार. त्यानं खाली मान घातली आणि विळे चालू झाले. काट्यावर पोतं चढलं. आठ किलो दोनशे. चन्नबसप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू, माझ्याही होत्या. सिद्धलिंगनी सही केली. नंतर सगळ्यांना हुग्गी. कंपनीच्या माणसानं दोनदा मागून घेतली.

टाळ्यांचा अर्थ आठ दिवसांनी कळला. गौरीशंकरचं खताचं दुकान आहे, त्याला सगळ्या गावचे आकडे कळतात. त्यानं दुकानात कॅल्क्युलेटर काढला. अकरा गावांची बेरीज अठ्ठेचाळीस किलो चारशे. त्यात आमचे आठ दोनशे. भागिले बारा.

"चार किलो सातशे सतरा," तो म्हणाला. परत मारून बघितलं. तेच आलं.

उंबरठ्याच्या वर सतरा ग्रॅम. दीडशे दाणे होतील न होतील. हरिबानं पोत्यातून सोयाबीनची चिमूट घेतली, तळहातावर धरली, बघितली आणि परत पोत्यात टाकली.

तरी एक वाट उरली होती. सिद्धलिंग हुशार माणूस. त्यांनी देवळात सगळ्यांना बोलावलं. स्वानंदलाही बोलावलं, तो मागं भिंतीला चिकटून बसला. बाया एका बाजूला. सिद्धलिंग शांतपणे म्हणाले, "चन्नबसप्पा, कुनी तुला खात न्हाय. त्या तुकड्याला पानी घातलं आसशील तर तोंडानं सांग. आपन तालुक्याला अर्ज देऊ, तुकडा बाद करा म्हनू. त्यो बाद झाला तर सरासरी खाली येती. बारा गावांचं भलं हुईल. बोल, घातलं का?"

चन्नबसप्पानं देवाकडं बघितलं नाही, गावाकडं बघितलं नाही. मागं भिंतीकडं बघितलं. स्वानंद नखानं फरशी खरवडत होता.

"न्हाय," चन्नबसप्पा म्हणाला. "इल्ला. न्हाय घातलं."

भुवनेश्वरी पदर तोंडाशी धरून उठली आणि बाहेर गेली. मी खांबाला टेकून बसलो होतो. टिपाड मी बघितलेलं. एक शब्द बोललो असतो तर चाललं असतं. पण त्यानं बोलू नका म्हटलं होतं, आणि खरं सांगायचं तर आता पुढं काय होतंय ते बघायची मला खोड.

महिन्याभरानं मी त्याला ओढ्यावर एकटं गाठून विचारलं, "का रं आसं केलंस?"

"पोरगं माझ्या ताटात जेवलंय, तात्या. त्येची नोकरी गेली आसती."

"आन् आडीच हजार घरं?"

"ती बी जेवलीत," तो एवढंच म्हणाला.

पाकिटाची गोष्ट तेव्हाच सुरू झाली. पाणी घातलं नाही, रान तर शेजारच्यासारखंच, मग आठ किलो आले कुठून? हिरवं कितीही दिसलं तरी बिनपाण्याचं आठ किलो भरत नाही, म्हणजे काट्यात खोट. खोट फुकट कोण करतं? आणि कंपनीच्या माणसानं खांद्यावर हात ठेवलेला पन्नास जणांनी बघितला होता. खांद्यावरून हात खिशात यायला कितीसा वेळ लागतो! भरपाई नाही असं कागदावर आलं त्या दिवशी लाखाचे अडीच लाख झाले.

त्याला कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. त्याच्या घरचा चहा तेवढा बंद झाला. तो रस्त्यावर उभा राहून हाका मारायचा, "या की, बसा की," आणि लोक म्हणायचे "नको." आता तो नको खरा असायचा. पोस्टमन पत्र दारातून फेकायचा. एकदा एक फिरता भांडीवाला ओसरीवर टेकला, तर हरिबानं त्याला हाक मारून आपल्याकडं नेलं. भुवनेश्वरी हुग्गी शिजवायची आणि दुसऱ्या दिवशी बैलांना घालायची. स्वानंदची बदली परंड्याला झाली. जाताना तो निरोप घ्यायला आला नाही.

माघात भर दुपारी चन्नबसप्पाची कडब्याची गंज पेटली. खळ्यात, गावाच्या तोंडावर. धूर सगळ्यांनी बघितला. अशा वेळी आमच्याकडं शत्रूसुद्धा घागर घेऊन धावतो. त्या दिवशी दारं लागलेली राहिली. नवरा-बायको दोघंच टिपाडातलं पाणी फेकत होती आणि गंज आपल्या गतीनं जळत होती. मी पोचलो तेव्हा राख झाली होती. कुणी लावली ते मला माहीत आहे. तुम्हालाही सांगितलं असतं, पण तो माणूस रोज माझ्याशेजारी चहाला बसतो.

पुढल्या हंगामात पीक कापणीची यादी आली तोवर चन्नबसप्पानं बैल विकून टाकले होते. रान पडीक ठेवलं. विचारलं तर म्हणतो, "पेरलं तर कुनीतरी बघाय येनार."

कंपनीच्या माणसानं त्याला पाकीट दिलं नव्हतं. चन्नबसप्पानं कुणाकडून एक रुपयाही घेतला नाही. त्यानं त्या तुकड्याला एकोणीस दिवस घरचं प्यायचं पाणी घातलं आणि विचारल्यावर नाही म्हणून सांगितलं. त्याच्याही चार एकराचा विमा होता. त्यालाही काही मिळालं नाही.