दुसऱ्या पसंतीचा आकडा

टायरोन परगण्यातल्या आमच्या गावात मर्टल इर्विनचं किराणा दुकान होतं आणि मी तिच्याकडे बेकन कापायला होते. मर्टल कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. भित्री म्हणायचे सगळे, आणि होतीच ती. कुणी दार जोरात लोटलं तरी दचकायची.

त्र्याहत्तर साली मतदानाची पद्धत बदलली. तोवर काय, आपल्या प्रोटेस्टंट माणसापुढे फुली मारली की झालं. कॅथलिकांनी नुसतं बघत बसायचं. आता म्हणे आकडे घाला. सगळ्यात आवडत्याला एक, त्याच्या खालच्याला दोन. पहिला पडला किंवा निवडून येऊन त्याची जास्तीची मतं उरली तर तुमचं मत दुसऱ्याच्या पदरात. ज्यांची जेवढी माणसं, तेवढ्या जागा. ऐकायला झकास! पण फुलीवरून अक्षर ओळखू येत नाही, आकड्यावरून येतं. एवढी साधी गोष्ट वर बसलेल्या शहाण्यांच्या डोक्यात आली नाही.

मर्टलला पहिली पसंती आमच्याच माणसाला द्यायची होती. दुसरी मात्र मलाकी डोनेलीला, औषधांच्या दुकानवाल्या कॅथलिकाला. का, तर तो भाषणात कुणाला शिव्या देत नाही. मी म्हटलं, वेड लागलंय का तुला? आमच्या गावची पेटी केवढीशी. मोजणीला एकेक पेटी वेगळी उघडतात आणि पक्षापक्षांची माणसं कठड्याला रेलून मतांच्या चिठ्ठ्या बघत असतात. आमच्याकडून बघणार कोण, तर नॉर्मन, तिच्या बहिणीचा, हेझलचा नवरा. त्याच वसंतात एका दूधवाल्याचा गोठा जळला होता, कॅथलिकांच्या सभेला गेला म्हणून. कुणी जाळला ते सगळ्यांना ठाऊक होतं. नॉर्मन त्या जाळणाऱ्या पोरांच्याच टेबलावर प्यायला बसायचा.

तरी मर्टल गेली आणि डाव्या हाताने आकडे काढून आली.

मोजणीनंतरच्या शनिवारी नॉर्मन दुकानात आला आणि त्याने आतून कडी लावली. त्याने सिगारेटचं पाकीट काउंटरवर ठेवलं. त्यावर पेनाने दोनाचा आकडा काढला होता, ऐटीत मान वळवलेला, खाली शेपटीला गाठ मारलेला.

“डोनेलीपुढे हा होता,” तो म्हणाला. “आणखी एक होता, पण तो वेडावाकडा, कुणा म्हाताऱ्याचा असेल. हा बघ कसा घोटून काढलाय. गावाच्या सामानाच्या चिठ्ठ्या तुझ्याकडे येतात. कुणाचा हा?”

मीही वाकून पाहिलं आणि लगेच ओळखला. तसला दोन दर शुक्रवारी आमच्याकडे यायचा. दोन पाव, दोन पौंड साखर. हेझलच्या चिठ्ठीवर. इतकी वर्षं संसार केला, पण या बाबाने बायकोची चिठ्ठी कधी हातात धरली नव्हती. बाजारहाट बायकांचं काम ना!

मर्टलने पाकीट उचलून उजेडाकडे धरलं. मला वाटलं, आता ही रडणार आणि सगळं संपणार.

“माझ्या ओळखीचा नाही,” ती म्हणाली.

“नीट बघ. सोमवारी त्या पोरांना नाव देतो म्हणालोय मी.”

“नीटच बघितलं. नाही ओळखीचा.”

त्याने पाकीट खिशात टाकून कडी काढली. “हेझलला दाखवतो,” तो म्हणाला. “तिची नजर तुझ्यापेक्षा बरी.”

हेझलला लहानपणापासून काही लपवता येत नसे. खोटं बोलायचं म्हटलं की कानापर्यंत लाल व्हायची. बाहेर मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. मर्टल ॲप्रनसकट मागच्या दाराने शेतातून हेझलच्या घराकडे धावत सुटली, पन्नाशीची बाई, चपला वाटेत टाकून. मी दारातून बघत होते. मोटार केव्हाच वळणापलीकडे गेली होती.