खापरटेकडीचा डबा

दिग्रसला दारव्हा रोडवर, जिनिंगच्या रांगेत, अन्सारभाईंचा वजनकाटा आहे. भरलेली गाडी आधी काट्यावर चढते, मग जिनिंगमध्ये कापूस खाली करते, आणि रिकामी होऊन पुन्हा काट्यावर येते. दोन वजनांतला फरक म्हणजे कापूस. काम म्हणाल तर एवढंच, कुणीही करील. पण ते करायला बसायचा अन्सारभाईंचा धाकटा मुलगा आमिर, आणि बसायचा म्हणजे काय, दसऱ्यापासून होळीपर्यंत तिथं खिळलेलाच असायचा.

याला कारण अन्सारभाईंचं नाव. इतर ठिकाणी काटा मारतात अशी बोलवा होती, खरी-खोटी अल्ला जाणे. पण "अन्सारभाईच्या काट्यावर डोये मिटून चढा," असं थेट बोरी अरबपर्यंत लोक एकमेकांना सांगत. दारव्ह्याचा बाजार जवळ पडत असूनही तिकडचे मारोतराव दरवर्षी आपला कापूस इथं आणायचे तो याच भरवशावर. आणि तो भरवसा टिकवायचा म्हणून अन्सारभाईंचा दंडक होता की काट्यावर घरचाच माणूस बसेल. नोकर बसला की नाव गेलं. मोठा मुलगा जीशान पुण्याला नोकरीत, अन्सारभाईंच्या उजव्या हातातली ताकद काही वर्षांपूर्वीच्या लकव्याच्या झटक्यानं गेलेली. राहिलं कोण? आमिर. त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानंही कधी हो म्हटलं नाही. एके दिवशी तो खुर्चीत बसला आणि मग बसूनच राहिला.

केबिन पत्र्याची. एक खिडकी, एक कॉम्प्युटर, वजनाची पावती काढणारा कर्कश प्रिंटर आणि सगळीकडं रुईचे तंतू. नाकात रुई, चहात रुई. वर्षंही कशी होती! पेपरात रोज यवतमाळ जिल्ह्याचं नाव यायचं आणि कशासाठी यायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. कपाशीवर लाल्या रोग पडलेला, भाव पडलेला, आणि गाडीतला कापूस दर सालाला थोडा कमी. लोक खिडकीशी येऊन म्हणायचे, "आमिरभाऊ, एक डाव पुन्हा घे ना वजन." पुन्हा घेतल्यानं काय वाढणार होतं, कप्पाळ! पण तो घ्यायचा. आकडा तोच यायचा, आणि तो त्या माणसाच्या तोंडावर आमिरलाच सांगावा लागायचा. संध्याकाळपर्यंत त्याला स्वतःच्या आवाजाचा वीट यायचा.

दोन गाड्यांच्या मधल्या वेळात तो इंटरनेटवर काहीबाही पाहत बसे. तिथंच त्याला तो खेळ सापडला. खेळ असा, की कुणीतरी एक डबा कुठंतरी लपवायचा आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकायचे. दुसऱ्यानं हातातल्या जीपीएसवर ते भरायचे, डबा हुडकायचा, आत आपलं नाव लिहायचं आणि डबा होता तिथं ठेवून द्यायचा. जगाच्या नकाशावर असे डबे मुंग्यांसारखे पसरलेले. यवतमाळ जिल्ह्यावर मात्र एकच ठिपका होता, बोरी अरबच्या पुढच्या खापरटेकडीवर. कापसाच्या बातम्यांच्या काळात गावोगाव हिंडून गेलेल्या कुणा परदेशी विद्यार्थिनीनं ठेवलेला. तीन वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता. म्हणजे जो पहिला जाईल तो पहिला.

आमिरच्या डोक्यात ते शिरलं ते शिरलंच. डबा कुणाला हवा होता! त्याला हवा होता एक दिवस, त्याचा एकट्याचा, ज्यात कुणी त्याला वजन विचारणार नाही. पण "मले एक दिवस पाहिजे" असं घरात म्हणायला काहीतरी निमित्त लागतं, आणि हे निमित्त त्याला फार आवडलं.

यंत्र निवडायला त्यानं अख्खा पावसाळा घातला. फोनवर जीशान म्हणायचा, "अबे, नकाशेवालं घे, रंगीत. शान दिसते." आमिरनं त्या रंगीत यंत्राची माहिती वाचून काढली. त्यात अमेरिकेतली गल्लीन्‌गल्ली होती आणि आपल्या भागात नागपूरकडं जाणारी एक रेघ. बाकी कोरं. असल्या कोऱ्या कागदासाठी कशाला पदरमोड करायची? दुसऱ्या एकात आतली बॅटरी चार्ज करावी लागे, आणि दिग्रसच्या भारनियमनात तसलं यंत्र म्हणजे डोक्याला ताप. शेवटी त्यानं साधं, काळ्या-पांढऱ्या पडद्याचं निवडलं. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणाऱ्या दोन सेलवर चालणारं, धूळ-पाणी सोसणारं, झाडाखालीही उपग्रह पकडणारं. जीशाननं ते ट्रॅव्हल्सच्या गाडीनं पाठवलं.

पहिल्या दिवशी यंत्रानं दगाच दिला. पत्र्याच्या केबिनमध्ये त्याला एकही उपग्रह दिसेना. "आभाळ शोधत आहे" अशा अर्थाची पाटी नुसती फिरत राहिली. आमिर बाहेर येऊन काट्याच्या लोखंडी पाटावर उभा राहिला, यंत्र तळहातावर धरून. गाडीतून मारोतराव पाहत होते.

"काय करून राह्यला बे?"

"उपग्रह पकडून राह्यलो, काका."

"कायले?"

आमिरनं सगळं सांगितलं. खापरटेकडी म्हटल्यावर मारोतराव हसायलाच लागले. "अरे, आमची जनावरं चरतात तिथं! डब्यात काय हाय? सोनं?"

"काही नाही. नाव लिहायचं फक्त."

"नाव लिहाले इतक्या लांब येतं? येडा रे बाप्पा! सातबाऱ्यावर लिही, काही कामी येईन," म्हणून ते बैल हाकत गेले. आमिरला त्यांचा रागही आला आणि हसूही.

आता त्याची चूक सांगायला हवी. काटेवाल्याशिवाय ती चूक दुसरं कुणी करणार नाही. काट्याच्या धंद्यात कुठल्याच यंत्रावर आंधळा विश्वास नसतो. ओळखीचं, शिक्क्याचं वजन आधी ठेवायचं, आकडा जुळतो का पाहायचं, नाही जुळला तर काटा दुरुस्त करायचा आणि मगच गिऱ्हाईक घ्यायचं. आमिरनं जीपीएसही असाच तपासायला घेतला. रस्त्यांची कंत्राटं घेणाऱ्या गुलाबसिंगकडून त्यानं सरकारी जुना नकाशा मागून आणला. काट्याजवळचा ओढ्यावरचा पूल त्या नकाशात होता. पुलावर उभं राहून त्यानं नकाशातला आकडा आणि यंत्रातला आकडा ताडून पाहिला, तर फरक शंभर मीटरच्याही वर.

"लेकाचं खोटं बोलते!" तो मोठ्यानं म्हणाला. मग त्यानं यंत्राचं पोट चाळलं. एका यादीत जगभरच्या मोजणीच्या पद्धती दिल्या होत्या, त्यात हिंदुस्थानच्या नावाचीही एक होती. ती निवडली आणि आकडे नकाशाशी चपखल जुळले. आमिरला इतका आनंद झाला की त्यानं केबिनमध्ये येऊन आईला फोन लावला. जमिलाबींना त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण पोरगा बऱ्याच महिन्यांनी हसतोय म्हणून त्याही हसल्या.

प्रश्न उरला सुट्टीचा. अमावस्येला जिनिंगवरचे हमाल गाडी खाली करत नाहीत, ही दिग्रसची जुनी रीत. त्या दिवशी काट्यावर गर्दी नसते, पण अन्सारभाई तेव्हाही काटा उघडा ठेवत. आमिरनं आधी चहाच्या वेळी विषय काढला, मग जेवताना काढला. घरात ते उर्दू बोलत, पण बापलेकांचं निम्मं आयुष्य काट्यावर गेल्यामुळं वाद असो की घाईचं बोलणं, सगळ्यांचंच वऱ्हाडीत व्हायचं.

"अब्बा, अमावस्येले मी बोरीकडं जाऊन येतो. सकाळी जातो, दुपारी येतो."

"काट्यावर कोण बसंन?"

"तुम्ही. गाड्या नसतातच."

"माह्या हातानं होते का?"

"डावा हाय ना. बटनच दाबाचं हाय."

अन्सारभाईंनी ताट बाजूला सारलं. मग जमिलाबी उखडल्या, "जाऊ द्या ना त्याले! खुंट्याले बांधलं का पोराले?" तेव्हा कुठं परवानगी मिळाली.

अमावस्येच्या सकाळी आमिरनं मोटरसायकल काढली. दारव्हा मागं पडलं तसं त्याचं छातीवरचं ओझं कमी होत गेलं. थंडी होती, तुरी फुलल्या होत्या, आणि तो एकटाच मोठमोठ्यानं गात होता, बेसूर. ऐकायला कोण होतं? बोरी अरब ओलांडून कच्च्या रस्त्यानं तो खापरटेकडीच्या पायथ्याशी पोचला, गाडी लावली, यंत्र चालू केलं आणि बाणामागं चढू लागला.

चालत राहिलं तरच बाण नीट दाखवायचा, थांबलं की गोंधळायचा. म्हणून तो थांबलाच नाही. अंतर कमी होत होत अगदी शून्याजवळ आलं, आणि आमिर एका उघड्या उतारावर उभा होता. दगड, वाळकं गवत, पळसाची खुरटी झुडपं. त्यानं एकेक दगड उलटला. झुडपांच्या बुडाशी हात घातला, काट्यांनी बोटं सोलली. विंचू निघाला, डबा नाही. उन्हं डोक्यावर आली तरी तो तेच करत होता. हा एवढा एकच दिवस, आणि तोही असा!

हताश होऊन तो बसला आणि घरून आणलेली भाकरी सोडली. खाता खाता त्याचं लक्ष यंत्राकडं गेलं. आणि घास तोंडातच राहिला. डबा लपवणारी पोरगी परदेशातून आली होती. तिचं यंत्र आपल्या जुन्या सरकारी नकाशाशी कोण जुळवत बसलं होतं? तिनं आकडे दिले ते साऱ्या जगाच्या मोजणीचे, आणि आपण इथं हिंदुस्थानची मोजणी लावून बसलोय! यंत्र पहिल्या दिवसापासून खरं बोलत होतं. आपणच ते बिघडवलं.

"गधा हाय मी, गधा!" म्हणत त्यानं घाईघाईनं पद्धत बदलली, तिचे आकडे पुन्हा भरले आणि उठून चार पावलं टाकली. बाण सर्रकन वळला. उताराखालच्या ओढ्यापलीकडं काळ्या खडकांची रास होती, बरोबर तिकडं. सरळ रेषेत शंभर-सव्वाशे मीटर. भाकरी तशीच गवतात टाकून तो उताराला लागला.

आणि फोन वाजला. टेकडीवर रेंज होती, हेच नशीब म्हणायचं का कमनशीब कोण जाणे. जमिलाबी बोलत होत्या. "आमिर, बेटा, लवकर ये. काट्यावरून अब्बांचा निरोप आला. त्यांले बरं वाटून नाही राह्यलं म्हणे."

"काय होते त्यांले?"

"मले काही समजलं नाही. मीही तिकडंच चालली. तू ये."

आमिर ओढ्याच्या काठावर उभा राहिला. ओढा कोरडा होता. पलीकडं जायचं, खडकांत हात घालायचा, नाव लिहायचं, यायचं. किती वेळ लागणार होता? तो दोन पावलं उतरलाही. मग त्याला झटक्याच्या दिवशीचा बाप आठवला, तोंड वाकडं झालेला, बोलायला धडपडणारा. त्यानं एक कचकचीत शिवी हासडली, ती कुणाला ते त्यालाही सांगता आलं नसतं, आणि तो मोटरसायकलकडं पळत सुटला.

येताना रस्ता दिसतच नव्हता. दवाखान्यात न्यावं लागेल, यवतमाळला न्यावं लागेल, आपण गेलो म्हणूनच झालं, असं काय काय डोक्यात. काट्याशी गाडी आडवीतिडवी टाकून तो केबिनमध्ये घुसला.

अन्सारभाई खुर्चीत बसले होते. डाव्या हातात चहाचा कप. समोर वजनाच्या पावत्या एकावर एक नीट ठेवलेल्या. शेजारी स्टुलावर जमिलाबी पदरानं वारा घेत, नवऱ्याकडं रागानं बघत होत्या.

"काय झालं अब्बा?"

"काही नाही."

"मंग निरोप कायले धाडला?"

अन्सारभाईंनी कप ठेवला. सांडला नाही. "सापडला का डबा?"

"नाही," आमिर म्हणाला. पण कुठं आहे ते समजलं, असं तो पुढं सांगणार होता, तेवढ्यात त्यानं बापाचा चेहरा पाहिला. बापाला बरं वाटलं होतं. लपवायचा प्रयत्न केला म्हाताऱ्यानं, पण लपलं नाही.

आमिरच्या अंगाचा तिळपापड झाला. "अब्बा, मी डोंगरावरून पळत आलो! म्या म्हटलं तुम्ही गेले!"

"जीशान बी एका दिवसासाठीच गेलता," अन्सारभाई खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "इंटरव्ह्यू देऊन संध्याकाळी येतो म्हणे."

"मी येणारच होतो! तुम्ही बोलावलं नसतं तरी येणारच होतो!"

"मले काय मालूम?"

बोरी अरबपासूनची माणसं त्याच्या शब्दावर आपला वर्षाचा कापूस तोलून देत होती. एवढी वर्षं रोज सकाळी कुलूप काढून, रोज संध्याकाळी लावून, याच माणसासमोर तो बसत आला होता. आणि याच माणसाला तो परत येईल याची खात्री नव्हती. ओढ्यापलीकडं पुन्हा कधी जायचं तर पोचायला वेळ लागणार नव्हता, पण या म्हाताऱ्याला असं सोडून जायचं कसं, ते आता त्याला सुचेना. जमिलाबी डोळे पुसत बाहेर गेल्या.

एक ट्रॅक्टर काट्यावर चढला. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न मारला.

"उठा अब्बा," आमिर म्हणाला, "मी बसतो."