काचेवरचं कुंकू

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास कॉलेजच्या गच्चीवरच्या लेसर यंत्राच्या काचेला हळद-कुंकू लावण्यात आलं. लावायला मी सांगितलं होतं.

मी तेव्हा शहरातल्या एका दैनिकात बातमीदार होतो. यंत्र बाहेरच्या एका संस्थेने पावसाळा सरता सरता, हिवाळा संपेपर्यंत बसवलं होतं. ते लेसरचा किरण हवेत सोडायचं. धुराचे, धुळीचे कण त्यातला थोडा प्रकाश परत पाठवायचे आणि धूर कुठे, किती उंचीवर, किती दाट आहे याचं चित्र पडद्यावर उमटायचं. हवा मोजायचं शहरातलं केंद्र चिंचोळीच्या एमआयडीसीपासून लांब. तिथला आकडा बहुतेक दिवस 'समाधानकारक' असायचा. एमआयडीसीच्या कडेला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, दोन हिवाळे दम्याचा त्रास होता. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, धूर तरी थांबला पाहिजे, नाहीतर घर तरी सोडा. तिने आणि शेजारच्या बायकांनी एका कारखान्याच्या धुराड्याविरुद्ध अर्ज केला होता. सुनावणी हिवाळ्यात होती आणि यंत्राचं तोंड त्या धुराड्याकडे होतं.

यंत्र चालवणाऱ्या मॅडम पुण्याच्या. शिपाई ताट घेऊन आला तसं त्या म्हणाल्या, "पूजा करा, पण काचेला हात नको."

"आवो मॅडम, मागाला लावतो, सायकलीला लावतो, ह्यानं काय पाप केलंय?" शिपाई म्हणाला.

त्याने स्टँडला टिळा लावला. मी कॅमेरा लावून बघितला, तो टिळा फोटोत येत नव्हता. मी म्हणालो, "मॅडम, काचेवर बोटभरच. लगेच पुसू." त्या पडद्याकडे वळल्या. शिपायाने तेलात कालवलेलं कुंकू आणि चिमूटभर हळद काचेच्या मधोमध लावली. मी तीन फोटो काढले. दुपारच्या कामाची घाई होती. पुसायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. फोटो पहिल्या पानावर आला. 'लेसर यंत्राचंही पूजन' ही ओळ माझीच. आक्काने सकाळीच फोन केला. "तुज्या पेपरात आमचं यंत्र आलंय की रं! आता बगू कारखानेवाल्याचं तोंड."

सुट्टीनंतर शिपायाने ओल्या फडक्याने काच पुसली. लाल रंग गेला, तेलाचा पातळ थर काचभर पसरला. मॅडम पडद्यावरच्या आकड्यांत होत्या. यंत्र बंद पडलं नाही, म्हणून कुणाला शंका आली नाही. पहाटेचा धूर वस्तीवर उतरताना पडद्यावर रोज दिसत होता.

सुनावणीत कारखान्याच्या वकिलांनी मी काढलेला तो फोटो टेबलावर ठेवला.

"या दिवसानंतर काच नीट साफ केल्याची नोंद आहे?"

मॅडमनी वही चाळली. "नाही."

"काच स्वच्छ होती असं खात्रीने सांगाल?"

"नाही."

धूर कुठून कुठे जातो ते यंत्राने दाखवलं होतं. पण काच तेलकट असली की परत येणारा प्रकाश घटतो, म्हणून किती जातो, ते आता धरता येत नव्हतं. अर्ज 'किती'चा होता. दसऱ्यानंतरची सगळी मोजणी बाजूला ठेवण्यात आली. दसऱ्याआधीची होती ती पावसाळी हवेतली. तिच्यात धूर टिकत नव्हता. अर्ज निकाली निघाला. नवी मोजणी करून पुन्हा अर्ज करण्याची मुभा देण्यात आली.

बाहेर पायऱ्यांवर आक्का बसली. पदर नाकाला होता.

"कुंकू कुनी लावाय सांगितलं?"

"मी."

"शिपाई न्हाय?"

"मी सांगितलं, आक्का."

तिने पदर खाली घेतला. "लई हौस रं तुला फोटोची," म्हणाली. मग शेजारी उभ्या दाजींना म्हणाली, "चला. ह्याला बातमी लिवायची असंल."

बातमी मी लिहिली. आतल्या पानावर चार ओळी आल्या. फोटो कुणी काढला होता, ते त्या ओळींत नव्हतं.

हिवाळा संपल्यावर संस्थेने यंत्र परत नेलं. दुसरं आलेलं नाही. उन्हाळ्यात आक्का मैंदर्गीला दिराकडे राहायला गेली. दाजी चिंचोळीतच आहेत, त्याच कारखान्यात, पहिल्या पाळीला.